दिसून नाई राहिलं

परदेशातल्या त्या दिवसांत आमच्या शनिवारांना ठरलेला वास होता: तळघरातल्या सामायिक वॉशिंग मशीनमधून काढलेल्या कोमट कपड्यांचा. नवऱ्याच्या कंपनीने त्याला दोन वर्षांसाठी जर्मनीतल्या एका लहान शहरात पाठवलं होतं. सोबत मी आणि सहा वर्षांची मुलगी. त्या इमारतीत रविवारी मशीन लावायला बंदी होती. खिळा ठोकायचा नाही, रिकाम्या बाटल्या रस्त्यावरच्या पेटीत टाकायच्या नाहीत. त्यामुळे आठवड्याचा सगळा आवाज आम्ही शनिवारी करून घ्यायचो. कपडे वाळत घालून वर आलो की दहा वाजलेले असत. मुर्रीला, गोंदियाच्या कडेला असलेल्या माझ्या माहेरी, तेव्हा दुपारची जेवणं आटोपलेली असायची. मग आम्ही मायला व्हिडिओ कॉल लावायचो.

पडद्यावर आधी छताचा पंखा यायचा, मग एक कान, मग अर्धा चेहरा. हिरवं बटण कुठे आहे ते तिच्या अंगठ्याला ठाऊक होतं. आणि दर खेपेला तिचं पहिलं वाक्य एकच असायचं.

"दिसून नाई राहिलं."

हे वाक्य म्हणजे आम्हाला कामाला लागण्याची सूचना होती. नवरा पुण्याचा, बिघाड दिसला की त्याला उत्साह येतो. आई, फोन खिडकीकडे करा. आई, काच पदराने पुसून घ्या. तो राउटर बंद करून चालू करायचा, मी मुलीला ओढून उजेडात बसवायचे. थोड्या वेळाने माय म्हणायची, आता बरं आहे. आम्ही समाधानाने गप्पांकडे वळायचो.

आमच्या बोलीत चालू असलेली प्रत्येक गोष्ट 'राहते'. माणूस जाऊन राहतो, जेवून राहतो, पाऊस येऊन राहतो. या घटकेपुरतं घडणारं आणि महिनोन् महिने घडत असलेलं, दोन्ही त्याच एका रूपात मावतं. नवऱ्याला हे ठाऊक नव्हतं, त्याला दोष नाही. मी मात्र त्याच बोलीत जन्मले, त्याच बोलीत पहिली कविता रचली, आणि तरी मला त्या वाक्यात फक्त नेटवर्क ऐकू आलं.

एका शनिवारी मुलीने चित्र काढून कॅमेऱ्यासमोर धरलं. माय म्हणाली, हत्ती मोठा झकास काढला. मुलगी हिरमुसली, ते आमच्या समोरचं घर होतं, लाल छपराचं, धुराड्याचं.

"मंग घराले सोंड कायले काढली?" मायने विचारलं.

मुलगी हसून लोळली. नवराही हसला. मी हसले, पण त्या हसण्याखाली काहीतरी कुसळासारखं टोचत राहिलं. बोलताना माय आमच्याकडे न पाहता जराशी बाजूला पाहत होती. टीव्ही चालू असेल, असं मी स्वतःला सांगितलं.

रविवारच्या त्या सक्तीच्या शांततेत हे कुसळ वाढायचं. खालच्या मजल्यावरचं पानं उलटणं कानी येईल इतकं सगळं निःशब्द असताना मला आदल्या दिवशीच्या कॉलमधले आवाज पुन्हा ऐकू यायचे. बाबा गेल्यापासून माय एकटी, धानाची जमीन ठेक्याने दिलेली. पाणी आणायला ती उठायची तेव्हा फोन खाटेवर पडलेला असायचा आणि तिच्या पावलांबरोबर आणखी एक आवाज दूर जायचा: भिंतीवरून घासत जाणाऱ्या बांगड्यांचा. आपल्याच घरात ती भिंत धरून का चालते, हा प्रश्न मी नवऱ्याला विचारला. गुडघे असतील, तो म्हणाला. मी ते मान्य केलं, कारण गुडघ्यांची भीती कमी वाटते.

दिवाळीनंतर गोंदियाहून येणाऱ्या एका ओळखीच्या कुटुंबाबरोबर तिने दोन किलो चिन्नोर तांदूळ पाठवला. पिशवी उघडली आणि ते परकं स्वयंपाकघर त्या सुगंधाने भरून गेलं. कॉल नुकताच संपला होता. मी तांदूळ थेट शिजत घातला. मायने निवडलेला तांदूळ पुन्हा निवडणं हा तिचा अपमान झाला असता. मुर्रीत लग्नघरची पोती निवडायला तिला मानाने बोलावत. जेवताना मुलीच्या दाताखाली खडा आला. मग माझ्या. उरलेला तांदूळ मी ताटात पसरला. त्यात खडे होते, न कांडलेलं धान होतं, मातीची बारीक ढेकळं होती.

ताट तसंच ठेवून मी फोन लावला. साधा, चित्राशिवायचा. नवऱ्याने विचारलं, आताच तर बोललीस ना.

"माय, तुले फोनवर दिसून नाई राहिलं, का घरात बी नाई?"

पलीकडे राईस मिलची घरघर ऐकू येत होती.

"घरात बी नाई," ती म्हणाली. "उजव्या डोळ्यानं त नुसता धूर."

"मंग सांगितलं काऊन नाई?"

"मी त दर शनिवारी सांगून राहिली होती. तुम्ही फोन सुधारून राहिले होते."

त्या स्वरात तक्रार नव्हती, म्हणून तो अधिक लागला.

सोमवारी शेजारच्या काकूंनी तिला ऑटोने गोंदियाला नेलं. काकू हिंदीतच बोलतात. त्यांनी मला डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, उजव्यात दाबही वाढलेला. 'जितना गया, उतना गया, बेटा. अब जो है उसको बचाना है.' मायला थेंब दिले होते आणि ऑपरेशनची घाई करायला सांगितलं होतं. पण ती तयार नव्हती. उन्हाळ्यात तुम्ही येऊनच राहिले, तवा पाहू, ती म्हणाली. जवायाले आता कायले तरास. उन्हाळ्यापर्यंतचे सहा महिने मी मनात मोजत होते आणि प्रत्येक महिन्याबरोबर तिच्या घरातला एक दिवा विझताना पाहत होते.

पुढच्या शनिवारी आम्ही तळघरात कपड्यांच्या घड्या घालत बोललो. मुलीची शाळा बुडवता येत नव्हती, नवऱ्याला रजा नव्हती. तो बराच वेळ एका मोज्याचा जोड शोधत राहिला. मग म्हणाला, "तू जा. मी तिला सांभाळतो." दहा दिवसांचं तिकीट काढलं. सुरुवातीचे कित्येक शनिवार राउटरशी झटण्यात घालवल्याचं त्यालाही सलत असावं. विमानतळावर तो काहीच विनोद करू शकला नाही.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी काढल्यावर डॉक्टरांनी हातभर अंतरावर बोटं धरली. माय म्हणाली, तीन. ती दोन होती. थोडं आणखी सुधारेल, फार नाही, ते म्हणाले. डावा डोळा वाचण्यासारखा आहे, तो महिन्याभराने करू, तोवर दाबावर लक्ष ठेवावं लागेल, थेंब चुकता कामा नयेत.

माझं परतीचं तिकीट पाच दिवसांवर होतं.

शनिवार आला. दुपारी अडीचला मी मायच्या खाटेवर बसून तिकडे कॉल लावला. माय काळा चष्मा लावून शेजारी बसली होती. मी तोंड उघडण्याआधी तीच म्हणाली, "सांग त्यायले, बुधवारी निघून राहिली."

"नाही," मी म्हणाले. "डावा डोळा होईपर्यंत मी इथेच आहे."

नवऱ्याने मान डोलावली. मुलीने विचारलं, म्हणजे किती शनिवार? पाच, मी म्हणाले. सहाही होतील हे मनातच ठेवलं. तिने ओठ घट्ट मिटले आणि पडद्याबाहेर निघून गेली. नवरा तिच्यामागे उठला. रिकामी खुर्ची तेवढी दिसत राहिली.

थेंबांची वेळ झाली होती. मी फोन पालथा ठेवला, मायचा चष्मा उतरवला, तिची मान मागे टेकवली. पहिला थेंब तिच्या गालावर ओघळला.

"डोळा वर आहे, बाई," माय म्हणाली, आणि माझं मनगट पकडून तिने ते स्वतःच जागेवर आणून धरलं.