तळ्याकडे तोंड केलेला ट्रक

ओटर लेकच्या उतारावर दर शनिवारी सकाळी फुकटचा तमाशा असायचा, आणि दोन उन्हाळे तो डार्लीन स्टेनरुडचा होता.

उतार म्हणजे बोटी पाण्यात सोडायचा सिमेंटचा रस्ता. ट्रकच्या मागच्या हिचला, म्हणजे जोडणीच्या आकड्याला, ट्रेलर अडकवलेला, ट्रेलरवर बोट. ट्रक मागे मागे घेत ट्रेलरची चाकं पाण्यात बुडवली की बोट आपोआप तरंगते. ऐकायला सोपं आहे. पण ट्रेलर उजवीकडे न्यायचा तर स्टिअरिंग डावीकडे फिरवावं लागतं, आरशात सगळं उलटं दिसतं, आणि हात जरा जास्त फिरला की ट्रेलर मोडलेल्या कोपरासारखा आडवा होऊन बसतो. डार्लीनचा दर वेळी बसायचा. वर बाकावर कॉफी पीत बसलेले म्हातारे मग एकमेकांना ढोसायचे, आणि ट्रकमध्ये तिच्या शेजारी बसलेला तिचा नवरा उघड्या खिडकीतून ओरडायचा, "गाढव! गाढव!"

ऑर्विनला हा एक शब्द उरला होता. हा, आणि "मठ्ठ", आणि दोनतीन असे की जे चर्चमध्ये चालले नसते. पक्षाघाताच्या झटक्यात त्याचा उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि बोलणं गेलं. वाचाउपचारवाली मुलगी डार्लीनला समजावत म्हणाली होती, "शिव्या मेंदूच्या वेगळ्या कोपऱ्यात असतात. तिथे धक्का लागलेला नाही. त्यांना तसं म्हणायचं नसतं, तुम्ही मनाला लावून घेऊ नका." डार्लीनने मान डोलावली. तिला म्हणावंसं वाटलं, बाई गं, माझ्यासाठी त्याच्याजवळ जे काही होतं ते आधीपासून त्याच कोपऱ्यात होतं.

बोट खरं तर तिची. तिच्या वडिलांची होती ती, आणि गळाला आमिषाची मासोळी कशी अडकवायची हे त्यांनीच तिला याच तळ्यावर शिकवलं होतं. लग्नानंतर बोट ऑर्विनची झाली. ट्रेलर मागे घेण्यात त्याचा हात धरणारा गावात कोणी नव्हता. एका हाताने, खिडकीत कोपर टाकून, बाकावरच्यांशी गप्पा मारत तो ट्रेलर सरळ पाण्यात घालायचा. लग्नाच्या पहिल्याच उन्हाळ्यात डार्लीनने एकदा प्रयत्न केला आणि मागचा दिवा खांबावर फोडला. ऑर्विनने तिला उतरवलं. तिने घरापर्यंत चालत जायचं, आणि तो तिच्या बरोबरीने ट्रक हळूहळू चालवणार, काच खाली करून, रस्त्यावरच्या प्रत्येकाला सांगत, "ड्रायव्हरीणबाई चालल्यात!" तिचे बूट तळ्याच्या पाण्याने भिजलेले होते. पुन्हा तिने स्टिअरिंगला हात लावला नाही, तो थेट ऑर्विनच्या झटक्यानंतर नाइलाजाने लावला.

शनिवार उजाडला की तो काठीने दार बडवायचा. आधी तिला वाटलं, माशांची ओढ असेल. मग एकदा ट्रेलर आडवा झालेला असताना तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याचा जिवंत राहिलेला अर्धा चेहरा हसत होता. तो यायचा ते यासाठी.

जुलैत ट्रेलरचं चाक सिमेंटच्या कडेवरून खाली गेलं. मागे ट्रकांची रांग लागली, हॉर्न वाजू लागले. शेवटी रांगेतला एक दणकट तरुण येऊन म्हणाला, "बाई, तुम्ही उतरा जरा." त्याने एका दमात ट्रेलर बाहेर काढला आणि पाण्यात घातला. ऑर्विन डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला आणि डाव्या हाताने त्याने त्या पोराचा गाल थोपटला. बाकावरून ऑर्विनचा जुना मित्र लॉइल ओरडला, "ऑर्विन, बाकी काही असो, तोंड मात्र ठणठणीत आहे हां तुझं!"

सोमवारी डार्लीन केटुनेनच्या वेल्डिंगच्या गॅरेजात गेली.

"मला पुढे हिच बसवायचाय. ट्रकच्या नाकाखाली."

"पुढे?" केटुनेनने चष्मा कपाळावर चढवला. "पुढे कशाला? बर्फ ढकलायचाय का?"

"बोट ढकलायचीय."

"म्हणजे समोर बघत ट्रेलर पाण्यात ढकलणार. डोकं आहे तुम्हाला. पण लोक हसतील, बाई."

"हसतातच आहेत."

बंपरखालची प्लास्टिकची ओठासारखी पट्टी त्याने कापली. लोखंडी आडवा दांडा, मधोमध चौकोनी तोंडाचा नळा, असं त्या हिचचं धूड होतं. केटुनेन एका बाजूला आणि डार्लीन दुसऱ्या बाजूला, दोघं ट्रकखाली पाठीवर पडले. तिने ते छातीवर तोलून धरलं आणि त्याने ट्रकच्या सांगाड्याच्या दोन्ही तुळयांना बोल्ट घातले. शेवटचे बोल्ट तिने स्वतः आवळायला मागितले.

"किती घट्ट करू?"

"तुमच्या मनाचं समाधान होईपर्यंत."

"मग पान्याचं काही खरं नाही," ती म्हणाली. केटुनेन हसला. ती हसली नाही.

शनिवारी वरच्या मैदानात तिने मागचा ट्रेलर सोडवला, ट्रक फिरवला आणि ट्रेलर पुढच्या हिचला जोडला. बाकावर खसखस पिकली. "डार्लीन, अगं ट्रक उलटा जुंपलास की!" लॉइल ओरडला. ती ट्रकमध्ये बसली. आता आरसा नको, मान वळवणं नको. ट्रेलर डोळ्यांसमोर होता, जिकडे कलला तिकडे दिसत होता. कपाटाचा खण आत सरकावा तशी बोट पाण्यात गेली. बाकावरच्यांनी कॉफीच्या पेल्यांत तोंडं घातली. ऑर्विनने तोंड उघडलं, तसंच उघडं ठेवलं आणि मिटलं.

लॉइल आणि आणखी एकजण नेहमीप्रमाणे त्याला उचलून बोटीत ठेवायला उतरले.

"राहू दे," डार्लीन म्हणाली. "आज तो इथेच बसेल."

तिने ट्रेलर बाजूला लावला आणि ट्रक उतारालगत उभा केला, नाक तळ्याकडे करून. आजवर उतारावर ट्रकची पाठ पाण्याकडे असायची. तिने खिडक्या उघडल्या, त्याच्या मांडीवर हॅमचं सँडविच ठेवलं, पट्टा ओढून बसवला आणि समोरची उन्हाची झडप वर केली.

"बघ निवांत," ती म्हणाली. "तुला बघायला आवडतं ना."

पुढच्या शनिवारी त्याने हॉर्न शोधून काढला. डावा हात स्टिअरिंगपर्यंत पोचत होता. तळ्यावरच्या सगळ्या बोटींनी मागे वळून पाहिलं, डार्लीनने पाहिलं नाही. ती परत आली तेव्हा ट्रकची बॅटरी बसली होती. लॉइलने आपल्या गाडीवरून वायरी जोडल्या.

"डार्लीन, हे बरं नाही. कुत्र्यालासुद्धा कोणी असं ठेवत नाही."

"त्याच्या शेजारची सीट रिकामीच असते, लॉइल. येऊन बसत जा की. मित्र ना तुझा?"

लॉइलने वायरी गुंडाळल्या. तो कधीच येऊन बसला नाही.

घरी तिने हॉर्नचा फ्यूज काढून टाकला. मग पाण्यावरून तिला दिसायचं, काचेआड त्याचा खांदा वरखाली होतोय. आधी तळहाताने, मग मुठीने. आवाज नाही. अशा वेळी तिच्या पोटात गळाला मासा लागल्यासारखं काहीतरी गोड ओढायचं, आणि ती मान खाली घालून दोर गुंडाळायची.

लेकीचा, जोडीचा, फोन यायचा. "आई, बाबा रमतात का गं तळ्यावर?"

"पहिल्या रांगेत बसतात," डार्लीन सांगायची.

ऑक्टोबरच्या शेवटी, त्या मोसमातल्या अखेरच्या शनिवारी, ती दार लावू लागली तेव्हा त्याने तिची बाही धरली. त्याचे ओठ वेडेवाकडे हलले. मानेच्या शिरा ताठ झाल्या.

"डा... डार," तो म्हणाला. "मी. मी."

दोन वर्षांत शिवी नसलेलं हे पहिलं काही होतं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. पण आजारी बाजूचा डोळा नेहमीच गळायचा. डार्लीनला सगळं कळलं. तळं ताटासारखं सपाट होतं, आणि बाकावर त्याला उचलून बोटीत ठेवायला माणसं होती. एक हाक पुरली असती.

तिने त्याची बोटं एकेक करून सोडवली. "थंडी आहे," ती म्हणाली. "काच वर करते."

त्या दिवशी तिच्या हातांना मासोळी गळात अडकवता येईना. डबा पायांत सांडला, जिवंत मासोळ्या बोटीच्या तळाशी तडफडल्या, आणि ती त्यांच्याकडे बघत राहिली. तरीही लवकर काही परतली नाही.

जानेवारीत, तळं गोठलेलं असताना, ऑर्विन दुसऱ्या झटक्याने गेला. चर्चच्या तळघरात हॅमचे पाव आणि बटाट्याचा भट्टीत भाजलेला हॉटडिश मांडला होता. लॉइल जोडीचा हात धरून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगत होता, "एक शनिवार चुकवला नाही गं तुझ्या आईने. दर वेळी त्याला तळ्यावर घेऊन यायची." जोडी आईच्या गळ्यात पडून रडली. बायकांनी डोळे पुसले. डार्लीनने लॉइलकडे पाहिलं. त्याने नजर खाली वळवली आणि पेला पुढे केला. तिने त्यात कॉफी ओतली.

मे महिन्यात बर्फ फुटल्यावर तिने बोट पाण्यात ढकलली. बाकावरच्यांनी टोप्या काढल्या. मासे चांगले लागत होते, आणि ती दुपारपर्यंत काठाकडे पाठ करून बसली.