मशीनचं माहेर

आमचे हे न्हावी. केस कापायला लागले की गिऱ्हाईक खुर्चीतच डुलक्या घेई, असा हात. जीभ मात्र हाताहून तेज. दिवसभर दुकानात साऱ्या जगाचं राजकारण कापून खाली पाडायचे आणि संध्याकाळी मी ते केसांबरोबर झाडून टाकायची.

दोन वर्षांपूर्वी यांचा उजवा हात थरथरायला लागला. हे फक्त मला ठाऊक. चारचौघांत तो हात खिशात आणि रुबाब साहेबाचा. चहा डाव्या हाताने प्यायचा, नमस्कारही डाव्या हाताने उरकायचा. कात्री सुटलीच. सगळी भिस्त केस कापायच्या मशीनवर. मशीन मुळातच थरथरतं, त्यात यांची थरथर कोणाला दिसणार? डोकं चालतं हो माणसाचं, नको तिथे.

ते मशीन एका जुन्या गिऱ्हाइकाने परदेशातून आणून दिलेलं. तिथला करंट आपल्या निम्मा, म्हणून आमच्या दुकानात ते एका लोखंडी डब्याला जोडून चालायचं. आपला करंट डब्यात शिरायचा आणि अर्धा होऊन मशीनला मिळायचा. डबा असा जड की आरशाखालून हलवायचा म्हटलं तरी कंबर धरायची.

आमचा मुलगा परदेशात बेकरीत कामाला आहे. तिथेच त्याचं लग्न ठरलं. फोनवर म्हणाला, "बाबा, लग्नाचे केस तुम्हीच कापायचे. दुसऱ्या कोणाच्या हातात मी डोकं देणार नाही." यांची छाती फुगली आणि तोंड उतरलं, दोन्ही एकदमच.

"पोराला हाताचं सांगून टाका," मी म्हटलं.

"खबरदार! बापाचा हात गेला हे ऐकून बोहल्यावर चढायचं का त्याने?"

पुन्हा फोन आला. "अडॅप्टर मी आणून ठेवलाय. पण त्याने नुसत्या पिना बदलतात, करंट बदलत नाही. मशीनवर किती व्होल्ट लिहिलंय ते वाचून सांगा."

"वाचलं, वाचलं. सगळं ठीक आहे." चष्मा दुकानात, मशीन दुकानात, आणि हे घरी पलंगावर पालथे पडून वाचत होते!

बॅग भरताना मी म्हटलं, "अहो, डबा राहिला की."

"तो कशाला? मशीन परदेशातलं, आपण चाललोय परदेशात. म्हणजे मशीन माहेरी चाललंय. माहेरी जाताना सासूला कुणी बरोबर नेतं का?"

माझी सासू भिंतीवरच्या फोटोतून बघत होती, म्हणून मी गप्प बसले.

लग्नाच्या आदल्या दिवशी मुलाच्या स्वयंपाकघरात खिडकीपाशी खुर्ची मांडली. त्याने गळ्याभोवती टॉवेल घेतला. यांनी अडॅप्टर लावला, भिंतीवरचं बटण दाबलं आणि मशीन सुरू केलं. एरवी भुंग्यासारखं गुणगुणणारं ते, पत्र्यावर खिळे ओतावेत तसं कडाडलं.

"बघ! माहेरी आल्यावर आवाज कसा चढलाय!" असं म्हणत यांनी ते पोराच्या मानेला लावलं.

ते जे उसळलं! मानेपासून टाळूपर्यंत सरळ रस्ता. मग जळका वास आला आणि मशीनच्या पोटातून धूर. हे आपले ते हातात धरून उभे, तोंड उघडं.

"ठेवा खाली!" मी ओरडले. पोरगा पाण्याचा तांब्या घेऊन धावला. "पाणी कशाला, मेल्या? विजेवर पाणी ओततात?" मी आधी भिंतीवरचं बटण बंद केलं, मग पिन ओढून काढली. यांचा तळवा लालबुंद झाला होता. तो मी नळाखाली धरला आणि तोंडाला येईल ते यांना बोलले. ते इथे सांगण्यासारखं नाही.

मशीन निवल्यावर मुलाने उलटं करून वाचलं. "बाबा, हे एकशेदहाचं आहे. इथे आपल्यासारखाच दोनशेतीस. डबा लागणारच होता."

"पण हा परदेश ना?"

"परदेश म्हणजे काय एकच गाव आहे का, बाबा?"

मला हसू फुटलं. पण मुलाने मागे हात नेऊन तो रस्ता चाचपला आणि माझं हसू आटलं. उद्या दुपारी लग्न.

"राहू दे ते मशीन," तो पुन्हा खुर्चीत बसत म्हणाला. "ओट्यावरची कात्री घ्या. मला तुमच्या हातची कात्रीच आवडते."

यांचा हात खिशात गेला. "कात्री... आता सगळे मशीननेच कापतात. तू सकाळी इथल्याच कोणाकडे जा."

"का पण? तुम्ही आहात ना?"

यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कशाला तोंड उघडते? सांगायचं तर त्यांनीच सांगायला हवं होतं. शेवटी खिशातून हात काढून त्यांनी पोराच्या डोळ्यांसमोर धरला. भाजलेला, लाल, आणि लटलट कापणारा.

पोरगा बघत राहिला. त्याचे डोळे भरले, माझे तर केव्हाच वाहत होते. मग त्याने टॉवेल नीट गुंडाळून घेतला. "मग हळू कापा. घाई कोणाला आहे? कान तेवढे दोन्ही ठेवा. उद्या ती 'हो' म्हणेल ते ऐकू यायला हवं."

मी यांचं कोपर धरलं आणि हे कापत गेले. रस्ता झाकायचा तर सगळेच केस बारीक करावे लागले. अंधार पडला तरी काम चाललंच होतं. एकदा कानाला कात्री लागली, तर तो म्हणाला, "एक राहिलाय अजून." शेवटी डोकं असं दिसायला लागलं की उंदरांनी कुरतडलंय. खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. नवरी त्याच्या डोक्यावरून हात फिरवून फिरवून हसत होती. व्याही आमच्याकडे आले, त्यांची नजर एकसारखी जावयाच्या डोक्याकडे. त्यांनी हात पुढे केला.

यांनी खिशातून उजवा हात काढला, थरथरत होता तसाच पुढे केला आणि म्हणाले, "पोराचे केस मी कापलेत."