फळ्यावर आज सात

‘‘मी कुठ्ठेही येणार नाही!’’ कुसुम कॉलनीच्या फाटकाजवळच्या बाकाची दांडी घट्ट धरून बसली होती. भोपाळच्या शाहपुरा तळ्यावरून फिरून येतानाच तिच्या छातीवर दडपण आलेलं. कपाळावर घाम.

सून मृदुला गाडीचं दार उघडून उभी. ‘‘आई, चला ना! हॉस्पिटल पाच मिनिटांवर आहे.’’

‘‘अगं, फळ्यावर वत्सलाने सात लिहिलाय, दिसत नाही? वादळ आहे. उतरलं की बरं वाटेल.’’

वत्सला म्हणजे मी. फळाही माझाच. एक फळा भिंतीला टांगला की त्याच्याभोवती इतके किस्से साठतात, की फडक्यानं पुसले जात नाहीत.

सूर्यावरून झोत सुटतात, पृथ्वीच्या चुंबकत्वाला धक्का देतात. ते चुंबकीय वादळ. त्याचा अंदाज रोज इंटरनेटवर येतो, शून्य ते नऊ. मी आठवी पास. डिक्शनरी मांडीवर घेऊन इंग्रजी शिकले, मग हे शिकले. आकडा रोज सकाळी फाटकाजवळ लिहिते.

*

आमच्या कॉलनीचे सेक्रेटरी देशमुख, वडील नागपूरहून सरकारी ऑफिसबरोबर इथे आलेले, पहिल्याच दिवशी गरजले, ‘‘आठवी पास बाईनं विज्ञान लिहायचं?’’

मी म्हटलं, ‘‘चूक दाखवा, पुसते.’’

महिनाभर मोबाइलवर ताडून पाहिलं त्यांनी. चूक सापडेना. आता पाचाच्या वर आकडा असला की स्वतःच मीटिंग पुढे ढकलतात! चुकला म्हणून मी आजवर एकही आकडा पुसलेला नाही.

*

दूधवाल्याचं दूध नासलं. ‘‘माताजी, तूफान था ना!’’

‘‘तूफान सूरज पर था भैया, तुम्हारे डिब्बे में नहीं! डिब्बा धोया था?’’

दुसऱ्या दिवसापासून डिब्बा आरशासारखा.

*

वरच्या मजल्यावरचा निखिल मंडीदीपच्या कारखान्यात इंजिनियर. उशीर झाला की साहेबांना सांगायचा, आज चुंबकीय वादळ आहे. एकदा साहेबांनी शांतपणे विचारलं, ‘‘और ये तूफान छुट्टी के टाइम कभी क्यों नहीं आता?’’

तेव्हापासून बिचारा घरून वेळेवर निघतो.

*

कुसुमनं तर वहीच ठेवली. एका बाजूला माझा आकडा, दुसऱ्या बाजूला तिचा गुडघा. मी ती वही बारकाईनं वाचली. मृदुला माहेरी गेली की शून्यालाही गुडघा ठणकायचा!

मी पोट धरून हसले. पण खरं ते बोलले नाही. भोपाळमध्ये या वादळानं माझ्या होकायंत्राची सुईसुद्धा डोळ्यांना दिसेल इतकी हलत नाही, गुडघा कसला दुखतोय! हे फळ्यावर एका ओळीत लिहिता आलं असतं. नाही लिहिलं. येता-जाता लोक थांबून विचारायचे, ‘‘वत्सलाताई, आज किती?’’ आयुष्यात मला कोणी असं काही विचारलं नव्हतं. गोड लागत होतं ते.

*

तर त्या सकाळी फाटकाजवळ आम्ही तिघी. कुसुमचा हात आता डाव्या खांद्यावर गेला होता.

‘‘कुसुम, वादळाचा आणि छातीचा काही संबंध नाही,’’ मी म्हटलं.

‘‘आज सांगतेस? इतके दिवस गप्प होतीस ती?’’



‘‘आई, प्लीज!’’ मृदुला रडकुंडीला आली.

‘‘तू गप गं! दाखवा मला, वत्सलाचा आकडा कधी चुकलाय?’’

चुकला नव्हताच. सातच होता. पहाटे तीनदा पाहिला होता मी.

मी बाकावरून उठले. पदर हाताला गुंडाळला, तो सात पुसला, आणि देशमुखही फाटकात येऊन ऐकत उभे होते तरी मोठ्यानं म्हटलं, ‘‘कुसुम, चुकले मी, आज वादळबिदळ काही नाही, गाडीत बस.’’