मागच्या दारातलं कुत्रीचं दार

निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, पण चोरीचं ते साधंसं प्रकरण अजून माझ्या मनातून गेलेलं नाही.

सिंदेवाहीच्या बाजूच्या एका ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. मे महिन्यातला रविवार होता. भर दुपारी एक निवृत्त नर्सबाई तक्रार घेऊन आल्या. घरी एकट्याच राहायच्या. सकाळी विहारात वंदनेला गेल्या होत्या. परतल्या तेव्हा कपाट उघडं, सोन्याची पोत आणि पाटल्या गायब. पुढचं कुलूप शाबूत होतं, मागच्या दाराची कडी आतून लागलेली.

पंचनाम्याला गेलो. मागच्या दारात खाली एक चौकोनी भोक पाडलं होतं. कडेने पत्र्याची पट्टी, वर ट्यूबच्या रबराचा पडदा. बाईंच्या कुत्रीचं ते दार. दिवसभर ती त्यातून ये-जा करायची. दिवेलागणीला बाई आतून फळी सरकवायच्या, कारण त्या भागात बिबट्या कुत्र्यासाठी अंगणापर्यंत येतो. त्यातून माणूस शिरणं अशक्य होतं. मी एका ओळीत नोंद केली आणि पुढे सरकलो.

पुढच्या कुलपाची दुसरी किल्ली कामवाल्या बाईकडे होती. सकाळी काम आटोपून ती भरलेली पिशवी घेऊन गेली, अशी खबर शेजाऱ्याने दिली. कुत्रीही भुंकली नव्हती. माझ्या हिशेबी प्रकरण संपलं होतं. तिला वस्तीतून, सगळ्यांदेखत, जीपमध्ये बसवून आणलं.

"पिशवीत काय होतं?" मी दरडावून विचारलं.

"शिळा भात जी. कोंबड्याईसाठी."

"किल्ली तुझ्याकडेच होती ना?"

"होती. पण मागचं दार पाह्यलं का तुमी? बाई वरची कडी लावतच नाई. खांदा मोडल्यापासून त्याइचा हात वर जात नाई. खालचीच लावते."

ती विषय टाळते आहे, असं मला वाटलं. जबाबात मी ते वाक्य घेतलंच नाही. संध्याकाळी तिला घरी सोडलं आणि उद्या पुन्हा ये म्हणून बजावलं.

चौकशीला हजर असलेल्या महिला शिपायाने मात्र ते ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "साहेब, एकदा ते दार पाहून येऊ." आम्ही गेलो. तिने बाहेर बसून रबराच्या पडद्यातून खांद्यापर्यंत हात घातला आणि खालची कडी उघडली. दार ओढून पुन्हा तशीच लावली. पत्र्याच्या कडेला वाळलेलं रक्त होतं.

"हे कुत्रीचं दार कोणी करून दिलं?" मी नर्सबाईंना विचारलं.

"माह्या पुतण्यानं," बाई म्हणाल्या. "दोन वर्षं इथीच राह्यला तो."

पुतण्या काकूंना धीर द्यायला आलेला, पुढच्या खोलीतच होता. मे महिन्याच्या त्या उन्हात त्याचा शर्ट पूर्ण बाह्यांचा, मनगटापर्यंत बटणं लावलेला. कुत्री त्याच्या पायाशी झोपली होती.

"बाह्या वर करा," मी म्हणालो.

हातावर लांब, ताजा ओरखडा होता.

"कुंपणाची तार लागली जी."

"कुठल्या कुंपणाची?"

त्याने बाही पुन्हा खाली ओढली. मी पुढे काही विचारलं नाही. खोटं बोलणाऱ्याला प्रश्नांपेक्षा शांतता जड जाते, हा माझा अनुभव आहे. थोड्या वेळाने तो खाटेवर बसला. "काकूले बाहेर पाठवा. मंग सांगतो."

दागिने त्याच्या भाड्याच्या खोलीतून पंचांसमक्ष जप्त केले. बाईंनी फक्त एवढंच विचारलं, "मले मागितलं काऊन नाई यानं?"

संध्याकाळी मी त्या कामवाल्या बाईंच्या वस्तीत गेलो. शेजारीपाजारी जमले होते. त्यांच्यासमोर सांगितलं, "चोर सापडला. तुमचा काही दोष नव्हता. चूक माझी झाली."

त्यांनी आतून खुर्ची आणून अंगणाच्या मधोमध ठेवली.

"घाई आहे हो, निघतो," मी म्हणालो.

"बसा जी. चहा पिऊन जा. काल लोकाईनं मले तुमच्या जीपमधी बसतानी पाह्यलं. आज तुमाले माह्या घरी चहा पितानी पाहू द्या."

त्यानंतर मी प्रत्येक जबाबाच्या शेवटी 'आणखी काही सांगायचं आहे का?' असं विचारू लागलो आणि उत्तर शब्दशः लिहू लागलो. संशय मनात पक्का झाला की कान बंद होतात, हे मला त्या बाईंनी शिकवलं.

त्या संध्याकाळी मी बसलो, आणि कप रिकामा होईपर्यंत उठलो नाही.