आंटीजींची काचेची बरणी

राजधानीतल्या द्वारकेत आमच्या समोरच्या बाल्कनीतल्या बाईंचं नाव मला आजही ठाऊक नाही. सगळे त्यांना आंटीजी म्हणतात. घरबसल्या रेडिओवरून देशोदेशींच्या अनोळखी माणसांशी गप्पा मारायच्या, हा त्यांचा छंद.

आकाश जरा मळकट झालं, की त्या रेडिओचा प्लग काढतात, गच्चीवरच्या अँटेनाची वायर सोडवतात आणि वीज रेडिओपर्यंत पोचू नये म्हणून तिचं टोक बाल्कनीतल्या रिकाम्या काचेच्या बरणीत टाकतात. मग आत खुर्ची ओढून काचेआडून विजा बघत बसतात, टाळ्या वाजवत. मागच्या आंधीत, धुळीच्या वादळात, वीज पडून आमच्याकडचे टीव्ही, राउटर जळाले. त्यांचा रेडिओ ठणठणीत.

एकदा मी विचारलं, "डर लगता है, तो देखती क्यों हैं?"

"डर कैसा जी? बड़ा मेहमान आए तो रास्ता छोड़ देते हैं, मुँह थोड़े ही फेरते हैं!"

तेव्हापासून आमचं हवामान खातं म्हणजे ती बरणी. आंटीजींनी ती हातात घेतली, की अख्खी सोसायटी दोरीवरचे कपडे काढायला धावते.

परवा लख्ख उन्हात त्यांनी बरणी उचलली. एकच पळापळ! ओले कपडे आत, कुंड्या आत, बायकोने तर फ्रिजही बंद केला. आंटीजींनी शांतपणे बरणी पुसली आणि तिच्यात कैरीचं लोणचं भरलं.

सगळे हसत सुटले. पण संध्याकाळी खरोखरच ढग आले, आणि बरणी तर काठोकाठ भरलेली! मी आमची साखरेची बरणी रिकामी करून धावतच त्यांच्याकडे गेलो.

आंटीजींनी वायर तिच्यात सोडली आणि शेजारी दुसरी खुर्ची ओढली.