रिकामी गच्ची

पोरांनो, पार्सलमधले उडदाचे पापड तळून खाल्लेत आणि फोनवर विचारलंत, "आजी, पोलिसांना दरवर्षी पापड कोण देतं?" म्हणून आज पिंप्राळ्याच्या घरात बसून लिहिते आहे. त्यामागची घटना आठवली की अजून हसू येतं.

तेव्हा मी धुळ्यात औद्योगिक वसाहतीजवळच्या ठाण्याची प्रमुख होते. एका सकाळी शेजारच्या गल्लीतल्या अक्का परातभर पापड घेऊन आल्या.

"सुंगी देखा मॅडम! बठ्ठा पापडस्ले वास लागी गया. नातनं लगीन शे. रुखवतमा काय मांडू?"

सगळ्याच पापडांना जळक्या तेलाचा, औषधी वास होता. हवालदारांनी गंभीरपणे विचारलं, "मॅडम, मुद्देमाल तळून बघायचा का?"

वास कापडाला चकाकी देणाऱ्या कारखान्याचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण प्रदूषण मंडळाचे अधिकारी येत, तेव्हा धुराड्यातला धूर पाण्याने धुणारं यंत्र चालूच सापडे. गुन्हा अदखलपात्र, म्हणजे पोलिसांना थेट तपास करता येत नाही; म्हणून न्यायालयाची परवानगी घेऊन मी तपास सुरू केला.

पुढचे पापड वाळत घातले, त्या दिवशी मी अक्कांच्या गच्चीवर चढले. प्रत्येक गच्ची पापडांनी भरलेली, एकच रिकामी. ती अगदी शेजारची, कारखान्याच्या सुपरवायझरची. थोड्याच वेळात वास आला.

मी त्याला ठाण्यात बोलावलं. अक्काही जबाबासाठी आल्या होत्या.

"तुमच्या घरचे पापड का नाही वाळत घातले?"

"बायकोची कंबर दुखते, मॅडम."

बाकावरून अक्का कडाडल्या, "कंबर दुखस? सकायमा मना घर बठ्ठास्पेक्षा जास्त पापड लाटी गयी ती!"

हवालदारांनी तोंड फिरवून हसू दाबलं. सुपरवायझरलाही हसू आवरेना. मग तो खरं बोलला. पाण्याचा टँकर वाचवायचा असला की मालक यंत्र बंद ठेवायला सांगत. टँकर मागवायचं काम सुपरवायझरचंच, म्हणून त्याला आधीच कळे आणि तो बायकोला आदल्या दिवशी सांगे, "उद्या आपले पापड नको घालू."

"परवाही टँकर येणार नाही," तो हळूच म्हणाला.

त्या दिवशी आम्ही मंडळाचे अधिकारी आणि पंच घेऊन गेलो. यंत्र कोरडं ठणठणीत होतं. जागेवर पंचनामा झाला, आणि यंत्र नीट चालेपर्यंत कारखाना बंद ठेवायचा आदेश मंडळाने दिला. स्वच्छ हवेत सगळी गल्ली पुन्हा लाटायला बसली, सुपरवायझरची बायको सर्वांत पुढे. रुखवतात पापडांचा मनोरा उभा राहिला.

साऱ्या गावापासून लपवलेली गोष्ट माणूस घरच्यांना आधी सांगतो, हे मी तिथे शिकले. पुढच्या प्रत्येक तपासात मी आधी घराकडे पाहिलं.

अक्का आता थकल्या आहेत, पण लाटणं सुटलेलं नाही. तुमचे पापड त्यांच्याच गच्चीवर वाळलेले आहेत. शेजारची गच्चीही आता भरलेली असते.