डीव्हीडीतली चिमणाबाई

गल्लीत चिमणाबाई कांबळेला सगळे 'कोर्टवाली काकू' म्हणायचे. बाईनं जन्मात कधी कोर्टाची पायरी चढली नव्हती, पण एकदा नाव पडलं की पडलं. ते पडलं 'कोर्ट उठलं' या मालिकेमुळं. कोल्हापुरातच शूटिंग झालेली, वकिलांची मालिका, आणि तऱ्हेवाईक म्हणजे किती! तिच्यातले जज्जसाहेब निकाल देता देता स्वेटर विणायचे. एका वकिलाला त्याचा मेलेला सासरा साक्षीदाराच्या पिंजऱ्यात दिसायचा आणि तो भर कोर्टात त्याच्याशी भांडायचा. एका भागात तर म्हैस साक्षीला आणली होती. लोक पोट धरून हसायचे आणि शेवटी डोळे पुसायचे. कारण कोर्ट उठलं की हरलेले-जिंकलेले सगळे वकील समोरच्या हॉटेलात येऊन बसायचे, आणि तिथं कोपऱ्यात उभी राहून एक बाई जुन्या सिनेमातलं गाणं म्हणायची. सबंध गाणं, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. ती बाई म्हणजे चिमणाबाई.

ती काही नटी नव्हती. बाप आंबेडकर जयंतीच्या जलशात गायचा, त्याच्या मागं उभी राहून कोरस धरता धरता पोरीचा गळा तयार झाला. लग्नानंतर सासूनं तोंड वाकडं केलं, तरी तिनं ऑर्केस्ट्रा धरला. वारणानगरपासून राधानगरीपर्यंत जिथं बोलावलं तिथं गेली, ट्रकमध्ये स्पीकरच्या खोक्यावर बसून. मालिकेच्या दिग्दर्शकानं तिला अशाच एका वार्षिक समारंभात ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी घर शोधत आला. "गाणं तुम्ही कॅमेऱ्यासमोरच म्हणायचं, मागून दुसरा आवाज लावणार नाही," असं तो म्हणाला, आणि त्यानं शब्द पाळला. पडद्यावर जे ओठ हलायचे त्यांचाच आवाज ऐकू यायचा. मालिका चालू होती तोवर मंडईत भाजीवाल्या तिला आधी एक ओळ म्हणायला लावायच्या आणि मग कोथिंबीर द्यायच्या.

मालिका संपली आणि वर्षभरात तिच्या गळ्याला गाठ आली. ऑपरेशनशिवाय इलाज नव्हता. गाठ गेली, जीव वाचला, आवाज मात्र गेला. म्हणजे बोलता यायचं, पण रिकामं जातं ओढावं तशी घरघर. ऑर्केस्ट्राच्या दिवसांतली एक कॅसेट घरात होती, ती पुराच्या पाण्यात गेली. दुसरं कुठं काही टेप केलेलं नव्हतं. तेव्हा कुणाच्या हातात मोबाईल होता? उरलं काय, तर टीव्हीवर एकदा वाजून गेलेली ती गाणी.

नात झाली ती या सगळ्यानंतर. श्रुती. सून आणि मुलगा नागसेन दोघं दूध संघात कामाला, त्यामुळं पोरगी आजीच्याच अंगाखांद्यावर वाढली. आणि नेमका तिच्याच गळ्यात सूर निघाला. चिमणाबाई तिला शिकवायची, म्हणजे हातानं. हात वर नेला की सूर वर, तळहात थरथरवला की तिथं हरकत. स्वतः म्हणून दाखवायची सोय नव्हती. एकदा तिनं न राहवून एक ओळ म्हटली तर पोरगी दचकली. "आज्जी, तू असंच गायचीस?" असं तिनं विचारलं, अगदी साधेपणानं. एकदा, फक्त एकदा, या पोरीनं आपला खरा आवाज ऐकावा, मग मेलं तरी चालेल, असं चिमणाबाईला त्या दिवसापासून वाटायला लागलं.

कोपऱ्यावर सम्राटची सीडी लायब्ररी होती. सम्राट म्हणजे गल्लीच्या तरुण मंडळाचा अध्यक्ष, हौसेला मोल नसलेला गडी. मालिकेची व्हीसीडी बाजारात आली तेव्हा त्यानंच ती धावत आणून दिली. 'निवडक कोर्ट उठलं.' निवडक म्हणजे काय, तर नुसत्या हसवणाऱ्या केसेस. म्हैस होती, स्वेटर होता, सासरा होता. कोर्ट उठायचं आणि तिथंच पाटी यायची, समाप्त. हॉटेल नाही, गाणं नाही. चिमणाबाई तोंड पाडून बसली तेव्हा सम्राट म्हणाला, "काकू, ही नुसती चव हाय. सगळा संच येणार की डीव्हीडीवर. सगळं भाग, अख्खं."

तो संच वर्षानुवर्षं येतच राहिला. दिवाळीला येणार, पाडव्याला येणार, कंपनीनं जाहिरात दिली, कंपनीनं तारीख पुढं ढकलली. कोर्टातला दावा परवडला, तिथं निदान पुढची तारीख तरी मिळते. मधल्या काळात लोकांनी डीव्हीडी बघायचंच सोडून दिलं, सम्राटच्या दुकानात सीडीपेक्षा मोबाईलची कव्हरं जास्त झाली. चिमणाबाई मात्र रोज तिथं डोकावायची, आणि "आलं काय रे?" एवढंच विचारायची.

आणि आला. जाडजूड खोका, वर जज्जसाहेबांच्या मांडीवर लोकरीचा गुंडा, खाली 'सर्व भाग, प्रथमच संपूर्ण'. संपूर्ण! मेल्यांनी शब्द तरी दुसरा वापरायचा होता.

आता कोल्हापुरात असं काही झालं आणि सत्कार झाला नाही, असं कधी झालंय? मंडळानं चौकात फ्लेक्स लावला. 'कोल्हापूरचा आवाज, मा. चिमणाबाई कांबळे', आणि खाली हात जोडलेल्या कार्यकर्त्यांचे फोटो, तिच्या फोटोपेक्षा जास्त. चिमणाबाई म्हणाली, "सम्राट, आधी घरात लावून बघूया की एकदा." सम्राटला ते पटेना. "काकू, उद्घाटनाच्या आधी खोका फोडतंय व्हय कोण? पॅकिंग नगरसेवकांच्या हातानं कापायचं ठरलंय." आणि खरंच, तबकातल्या शाल, नारळ आणि कात्रीच्या जोडीला तो खोका प्लास्टिकसकट तिसऱ्या दिवसापर्यंत मंडळाच्या कपाटात कुलपात राहिला. लोक दुकानाची फीत कापतात, यांनी डीव्हीडीचं प्लास्टिक कापलं.

संध्याकाळी चौकात पडदा बांधला, खुर्च्या मांडल्या. चिमणाबाईला फेटा बांधला, शाल दिली. नगरसेवकांनी भाषण केलं, "हा आवाज म्हणजे करवीरनगरीचं वैभव." श्रुती आजीला चिकटून पहिल्या रांगेत बसली होती, आजीचा हात गच्च धरून. भाग सुरू झाला. म्हशीची साक्ष झाली, चौक हसून लोळला. मग जज्जसाहेबांनी सुया गुंडाळल्या, कोर्ट उठलं, वकील हॉटेलात शिरले. सम्राटनं आवाज मोठा केला. पडद्यावर हिरव्या साडीतली तरणीताठी चिमणाबाई पुढं आली, तिनं डोळे मिटले आणि तोंड उघडलं.

आणि पेटी वाजायला लागली. म्हणजे तीसुद्धा खरी पेटी नव्हे, कॅसिओवर वाजवतात तसली बिनचेहऱ्याची धून, बँकेला फोन लावल्यावर थांबायला सांगतात तेव्हा वाजते तसली. पडद्यावरची बाई गळ्याच्या शिरा ताणून गात होती, हात वर नेत होती, तळहात थरथरवत होती, आणि ऐकू येत होतं टुंईं टुंईं.

सम्राटला वाटलं वायर गेली. त्यानं स्पीकरला चापट मारली, पिना काढून परत घातल्या, दुसरी डिस्क लावली, तिसरी लावली. सगळीकडं तेच. काही भागांत तर हॉटेलच कापून टाकलं होतं. शेवटी त्यानं मान खाली घातली. पण बाकीच्यांच्या ध्यानातच आलं नाही! मालिका विसरून जमाना झाला होता, पोराटोरांनी ती बघितलीच नव्हती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बायका पुढं येऊन म्हणाल्या, "काकू, काय दिसताय ओ तुमी, साडी कुठली?" नगरसेवकांनी परत एकदा हात मिळवला. चिमणाबाई फेटा बांधून पुतळ्यागत बसली होती, आणि तिच्या अंगाची नुसती आग होत होती.

दुसऱ्या दिवशी सम्राटनं कंपनीला फोन लावला आणि स्पीकर चालू करून तिच्यासमोर धरला. पलीकडचा माणूस फार सभ्य होता. "मॅडम, ती गाणी सिनेमाची. टीव्हीवर दाखवायची परवानगी होती, डीव्हीडीची नव्हती. मालक मंडळी काही केल्या ऐकेनात, म्हणून इतकी वर्षं थांबलो. शेवटी गाणी काढून नवीन संगीत घातलं."

"आवाज माझा हुता," चिमणाबाई म्हणाली.

"हो, तुमच्या आवाजाचे हक्क आमच्याकडेच आहेत. तुम्ही करार केला होता. गाण्याचे नाहीत."

"मग नुसता माझा आवाज द्या की. इकायला न्हाय, नातीला ऐकवायला."

"तो वेगळा ठेवलेला नाही मॅडम. नवीन संगीताची प्रत झाल्यावर मूळ टेप आम्ही पुसून परत वापरल्या. पण तुमचं काम सगळ्यांना आवडलं, बरं का."

आवाज तिचा, मालकी त्यांची, गाणं तिसऱ्याचं, आणि ऐकायला कुणालाच नाही. मालिकेतल्या जज्जानंसुद्धा असा निकाल दिला नसता. सम्राटनं रागानं शिवी हासडली. चिमणाबाईला शिवी देण्याइतकाही जोर राहिला नव्हता.

त्या संध्याकाळी श्रुती रियाजाला बसली. चिमणाबाईनं सवयीनं हात वर नेला, आणि मग तो खाली टाकून स्वतःच गायला लागली. पडद्यावरचंच गाणं. घसा खरवडत गेला, सूर कुठल्या कुठं पडला, तरी ती थांबेना. पोरीनं थोडा वेळ ऐकलं, मग आजीच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"ऱ्हाऊ दे आज्जी. गाता येत न्हाय तर काय झालं? तू ॲक्टिंग लई भारी केलतीस. एकदम खरं गायल्यागत वाटत हुतं."

चिमणाबाईनं तिच्या तोंडाकडं बघितलं. त्यात खोडी नव्हती, निव्वळ कौतुक होतं. काय सांगायचं, आणि कशाच्या जोरावर?

"व्हय," ती म्हणाली. "ॲक्टिंगच केलती."

श्रुतीनं ते दुसऱ्या दिवशी शाळेत सगळ्यांना सांगितलं.